फौजेचा ट्रक घरी आणताना



आमच्या संघाच्या बैठकीला बाहेरगावच्या बाया येतात, तेव्हा हिशोबाच्या वह्या बघून झाल्या की एक प्रश्न हमखास विचारतात. "तुम्ही म्हणे मिलिटरीचा ट्रक घेतला होता?" होय बायांनो, घेतला होता. २०१२ साली, जबलपूरला लिलावात. तो घ्यायला आम्हाला एक दिवस लागला आणि घरी आणायला पाच दिवस. आज त्या पाच दिवसांचीच गोष्ट सांगायची आहे, कारण मालकी म्हणजे काय ते आम्हाला लिलावात कळलं नाही, रस्त्यावर कळलं.

आधी ट्रक हवाच कशाला होता, ते सांगतो. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. धानाचा मुलूख. गावापासून डांबरी सडकेपर्यंत तीन किलोमीटर कच्चा रस्ता, मधे एक नाला. रोवणी, निंदण, कापणी सगळी आमच्या हातची, पण धान विकायची वेळ आली की हात बांधलेले. दिवाळीच्या सुमारास परतीचा पाऊस पडला की त्या रस्त्याचा चिखल चाकाला असा धरतो, की भाड्याचा ट्रकवाला सडकेवरूनच "नाही जमत ताई" म्हणतो. मग व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर दारात येतो आणि भाव तोच ठरवतो. २०११ च्या हंगामात साध्या धानाचा सरकारी आधारभूत भाव क्विंटलला १०८० रुपये होता. आमच्या दारात ९०० मिळाले. खरेदी केंद्र चौदा किलोमीटरवर, पण तिथे माल न्यायचा कसा?

आमच्या गावचे एक भाऊ फौजेतून निवृत्त होऊन आले होते. तिथे ते ड्रायव्हर होते. त्यांनी सांगितलं, "फौजेच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होतो. शक्तिमान मिळाला तर तुमच्या नाल्याला विचारायचं नाही." शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत बनलेला ट्रक. उंच आणि दणकट. साध्या ट्रकमध्ये इंजिनचा जोर मागच्याच चाकांना जातो, याच्यात तो चारही कोपऱ्यांतल्या चाकांना देता येतो. म्हणून चिखलात मागचं चाक जागच्या जागी फिरत राहिलं, तरी पुढचं ओढून काढतं. शक्तिमान बनवणं १९९६ साली थांबलं. म्हणजे मिळणारी गाडी पंधरा-सोळा वर्षांची तरी असणार, हे आम्हाला आधीच माहीत होतं.

अकरा गटांची सभा झाली. कोणी म्हणालं, लोखंडाचा हत्ती आहे, डिझेल पिऊन पिऊन तुम्हालाच खाईल. ते काही खोटं नव्हतं. पण खरा वाद झाला तो नावावरून. कागद कोणाच्या नावावर करायचा? बचत गटाचं बँकेत खातं असतं, पण गट कायद्यात नोंदलेला नसला तर त्याच्या नावावर गाडी चढवताना अडचण येते. "मग अध्यक्ष ताईंच्या घरातल्या एखाद्या माणसाच्या नावावर घ्या," असं बऱ्याच जणांनी सुचवलं. ताईंचे दीर, त्यांना आम्ही सगळ्या भाऊजीच म्हणतो, तयारही होते. मनाने वाईट माणूस नाही. पण आमच्या मावशी उठून म्हणाल्या, "शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. पोटाला चिमटा घेऊन घेतलेला ट्रक तरी आपल्या नावावर असू दे." आमचा अकरा गटांचा संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला होता. ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले आणि संघाच्या नावानेच अनामत रक्कम भरली. बायांनो, वस्तू घेण्याआधी नावाचा प्रश्न सोडवून टाका. नंतर तो सुटत नाही.

लिलावाच्या आधी गाडी बघायला देतात. तिथली अट एकच असते, गाडी जशी आहे, जिथे आहे तशीच घ्यायची. नंतर तक्रार चालत नाही. म्हणून आमच्यातल्या चौघी आणि फौजी भाऊ असे सगळेच गेलो. भाऊंनी इंजिनचं तेल बोटावर घेऊन पाहिलं, रेडिएटरमध्ये डोकावले, खाली सरपटून सांगाडा ठोकून पाहिला. टायर दिसायला छान होते, नक्षी खोल होती. पण भाऊंनी टायरच्या बाजूला कोरलेले चार अंक दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर आठ वर्षांचे निघाले, उन्हाने बाजूला बारीक चिरा गेलेल्या. न चालताही टायर म्हातारा होतो, हे आम्हाला तिथे कळलं. दोन टायर बदलायला लागणार, असं धरूनच बोलीची वरची हद्द ठरवली. एक लाख बासष्ट हजारांना ट्रक आमच्यावर सुटला. ठरलेल्या मुदतीत बाकीचे पैसे भरले नाहीत तर अनामत जाते, म्हणून रक्कम आधीच खात्यात तयार ठेवली होती.

सोमवारी ताबा मिळाला. आम्हाला वाटलं, किल्ली हातात आली की निघायचं. पण तसं नसतं.

फौजेच्या गाडीचा नंबर आपल्या गाड्यांसारखा नसतो. सुरुवातीला वर टोक असलेला बाण, मग सालाचे दोन अंक, मग पुढचे आकडे. तो नंबर फौजेचा. मोटार वाहन कायद्याच्या ६० व्या कलमाप्रमाणे गाडी संरक्षणाच्या कामातून निघाली, की तिला आपल्यासारखीच नोंदणी लागते. म्हणजे डेपोच्या फाटकाबाहेर पडली की ती बिननंबरी. म्हणून आधी जबलपूरच्या आरटीओत तात्पुरती नोंदणी केली. तेव्हा ती महिनाभराची मिळायची. त्याआधी विमा लागतो, निदान दुसऱ्याच्या नुकसानीचा. नंबर नसल्याने विमा चेसिस आणि इंजिनच्या नंबरावर निघतो. हिशोबाच्या ताईंनी चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, त्याचा ठसा घेतला आणि विम्याच्या कागदाशी एकेक अंक ताडून पाहिला. एक अंक चुकलेला! एजंट म्हणाला, "एवढ्याने काय होतं?" आम्ही म्हणालो, अपघात झाल्यावर काय होतं ते तुम्हालाच ठाऊक असेल. कागद बदलून घेतला. एक दिवस गेला, पण तो वाया गेला असं म्हणवत नाही.

मग रंग. फौजेचा तो ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कोणाला चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तसं लिहिलंय. गॅरेजवाल्याने रंगाचे जे पैसे सांगितले ते ऐकून मावशी हसल्याच. "दर दिवाळीला घर कोण रंगवतं?" निळा ऑइल पेंट आणि चार ब्रश आणले, पदर खोचले आणि दीड दिवसात ट्रक निळा केला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. मागचा फाळका तेवढा राहिला. रंग तळाला गेला होता. म्हटलं, वर ताडपत्री बांधू, कोण बघतंय. ही आमची चूक. तिचं पुढे सांगतो.

गुरुवारी दुपारी निघालो. केबिनमध्ये भाऊ आणि आमच्यातल्या दोघी, मागे भाऊजींची जीप, तिच्यात बाकीच्या दोघी, हत्यारांची पेटी आणि पाण्याचे कॅन. मालाच्या गाडीत मागे माणसं बसवायची नाहीत, हे भाऊंनी आधीच बजावलं होतं. ट्रक रिकामा. तिलवारा घाटाच्या पुलावर नर्मदेला हात जोडले. चाळीसच्या वर वेग न्यायचा नाही, दर तासाला थांबायचं, चारही बाजूंनी फिरून बघायचं, असं ठरलं होतं.

धुमाच्या जवळ इंजिन फुसफुसून बंद पडलं. बरीच वर्षं उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी गाळ बसतो. तो हलला आणि डिझेलच्या फिल्टरमध्ये अडकला. भाऊंनी फिल्टर बदलला, हातपंपाने नळीतली हवा काढली. अर्ध्या तासात गाडी सुरू. हे होणार हे माहीत होतं, म्हणून दोन फिल्टर बरोबर होते.

पण पुढचं माहीत नव्हतं. लखनादौन मागे टाकून छपाऱ्याकडे येत होतो, दिवस कलला होता. मागून जीपमधल्या दोघींनी हॉर्न वाजवायला लावला. ट्रकच्या डाव्या मागच्या चाकातून बारीक धूर येत होता. उतरलो, तर जळक्या कापडासारखा वास. मावशींनी बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन चाकाच्या मधल्या लोखंडावर उडवलं. तवा तापला की नाही ते बघतो, अगदी तसं. थेंब चर्रकन उडाला. उजव्या चाकावर उडवला, तर तो नुसता ओघळला. म्हणजे डाव्या चाकाचा ब्रेक पाय काढल्यावरही सुटत नव्हता. लायनर ड्रमला घासतच होते.

हळूहळू छपाऱ्यापर्यंत आणला. गावाजवळ पूल लागतो, खाली नदी. भाऊ म्हणाले, "ही वैनगंगा." आम्ही बघतच राहिलो. आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावापाशी उगम पावते, हे शाळेत शिकलो होतो, पण माहेरी असलेली ही नदी पहिल्यांदा पाहिली. हीच पुढे वळसा घेत बालाघाटकडून आपल्या भंडाऱ्याला येते. परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं.

आणि त्या पुलाच्या पलीकडेच वाद झाला. भाऊजी म्हणाले, "चाक थंड होऊ द्या, मग निघू. रिकामी तर गाडी आहे. रात्री बाया घेऊन रस्त्यात थांबायचं का? लोक काय म्हणतील?" त्यांची काळजी खरी होती. आमच्यातल्या दोघींनाही वाटत होतं, घरी लेकरं वाट बघतायत, कसंही करून पोचू. भाऊ काहीच बोलेनात. त्यांना वाटत होतं, चार घरांतल्या बाया, बरोबर घरातला पुरुष, आपण ड्रायव्हर, आपण कसं सांगायचं?

मावशींनी सरळ विचारलं, "भाऊ, पुढे कुरईचा घाट आहे म्हणता. हे चाक घाट उतरेल का?"

भाऊ थोडं थांबून म्हणाले, "मावशी, फौजेत असतो तर ही गाडी मी इथून पुढे नेली नसती."

"मग आताही नेऊ नका," मावशी म्हणाल्या. "मालक आम्ही आहोत. आम्ही म्हणतो, थांबायचं."

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकायला साधं वाटतं. पण आयुष्यभर आपण ज्या गाडीत बसतो ती दुसऱ्याच्या सांगण्यावर चालते. थांबवा म्हणायचा हक्क आपल्याला असतो, हे आम्हाला त्या पुलाजवळ कळलं. पावतीवर संघाचं नाव होतंच. मालकी मात्र तिथे आली.

थांबायचं, पण कुठे? पेट्रोल पंपावर. तिथे रात्रभर दिवा असतो, माणूस असतो, संडास असतो, पाणी असतं. पंपावरच्या माणसाला संघाचं पत्र आणि ठराव दाखवला, डिझेल तिथेच भरलं. त्याने भिंतीलगत जागा दिली. ट्रकच्या मागे ताडपत्री अंथरून आम्ही झोपलो. भाऊजी जीपमध्ये. रात्री ते दोनदा उठून चक्कर मारून गेले, ते आम्हाला दिसलं.

सकाळी मिस्त्री आला. चाक उतरवलं, ड्रम काढला. आत लायनर मागे ओढणारी स्प्रिंग तुटून पडलेली आणि ग्रीस वाळून खडखडीत झालेलं. लायनर एका कडेला जळून काळे पडले होते. मिस्त्री भाऊजींना म्हणाला, "साहेब, घाटात हे निखळलं असतं." भाऊजी आमच्याकडे बघून म्हणाले, "साहेब मी नाही. ह्या बायांना सांगा." दुरुस्तीला अठ्ठावीसशे रुपये लागले. ताईंनी पावती मागितली आणि वहीत लिहिली. चाकं एकदा उघडलीच म्हणून बाकीचीही तपासून घेतली.

शिवनी ओलांडून कुरईच्या घाटाला लागलो. तेव्हा हा राष्ट्रीय महामार्ग ७ होता, आता त्याला ४४ म्हणतात. आज तिथे रुंद रस्ता आहे, पेंचच्या जंगलातली जनावरं खालून जावीत म्हणून उंच पूल बांधलेत. त्या वेळी मात्र अरुंद, खड्ड्यांचा रस्ता होता. घाटाच्या तोंडाशी थांबून भाऊंनी आम्हाला समजावलं. जड गाडी घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही, ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. घाट ज्या गियरमध्ये चढवला असता, त्याच गियरमध्ये उतरवायचा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. गियर उताराच्या आधी बदलायचा, मधे नाही. दुसऱ्या गियरमध्ये ट्रक गुरगुरत उतरला. कोणी एक शब्द बोललं नाही. खाली उतरल्यावर सगळ्यात आधी मावशींनी चाकावर पाणी उडवलं. थेंब ओघळला. तेव्हा कुठे आम्ही चहा घेतला.

खवासाच्या नाक्यावर ताडपत्रीने दगा दिला. वाऱ्याने ती सुटली होती आणि हिरवा फाळका उघडा पडला होता, वर बाणाची पुसट खूणही. तपासणाऱ्या साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. फौजेची गाडी चोरून तर आणली नाही ना, असा संशय येणारच, त्यांचं चुकलं नाही. विक्रीचा कागद, डेपोचा गेटपास, पैसे भरल्याची पावती, तात्पुरती नोंदणी, विमा, पीयूसी, भाऊंचं जड वाहनाचं लायसन आणि संघाचा ठराव, सगळं एकाच पिशवीत क्रमाने लावलेलं होतं. ताईंनी एकेक पुढे केलं. पेन्सिलीचा ठसाही दाखवला. साहेबांनी विचारलं, "मालक कोण?" आम्ही चौघी एकदम म्हणालो, "आम्ही!" साहेब हसले, पण म्हणाले, "फाळका रंगवल्याशिवाय सोडणार नाही." डब्याच्या तळाशी राहिलेल्या रंगात थोडं टर्पेंटाइन घातलं आणि नाक्यावरच फाळका रंगवला. दीड तास गेला. अर्धवट सोडलेलं काम रस्त्यात अडवतं, हे घरकामात शिकलेलंच तिथे पुन्हा शिकलो.

खवासाच्या पुढे महाराष्ट्र. देवलापार, मनसर, तिथून डावीकडे वळून रामटेक, मग तुमसर, मग मोहाडी. नाल्यापाशी आलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. पलीकडे बाया-पोरं कंदील, टॉर्च घेऊन उभी. भाऊंनी चारही चाकांना जोर दिला आणि ट्रक नाल्यातून वर आला. सुमारे तीनशे किलोमीटरला नव्वद लिटर डिझेल लागलं होतं. ताईंनी ते त्याच रात्री वहीत लिहिलं.

घरी आणल्यावरही लगेच कामाला लावता आला नाही. पक्की नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, कर हे सगळं व्हायला दसरा उजाडला. तोवर ट्रक उभा ठेवला. "आणून ठेवलाय शोभेला," असं लोक म्हणाले. पण २०१२ च्या हंगामात साध्या धानाचा आधारभूत भाव १२५० होता आणि दारातला व्यापारी ११०० म्हणत होता. आम्ही पहिल्या खेपेला शंभर कट्टे, म्हणजे चाळीस क्विंटल धान केंद्रावर नेलं. क्विंटलला दीडशे रुपये जास्त, म्हणजे एका खेपेला सहा हजार. त्यातून डिझेलचे पाचशेच्या आसपास आणि ड्रायव्हरचे तीनशे गेले. ट्रक दिसायला लागल्यावर व्यापाऱ्यानेही दारातला भाव वाढवला. म्हणजे ज्यांनी ट्रकमधून धान नेलं नाही, त्यांनाही दोन पैसे जास्त मिळाले. भाऊजींचं धानही आमच्याच ट्रकमधून गेलं, रीतसर भाडं भरून!

ट्रक सात हंगाम चालला. मग सुटे भाग मिळेनात, योग्यता प्रमाणपत्र मिळेना, तेव्हा भंगारात दिला. तोवर मुद्दल फिटून वर पैसे उरले होते. त्यात थोडं कर्ज घालून आता लहान मालगाडी घेतली आहे. कच्च्या रस्त्यावर खडीही पडली आहे.

आता कोणाच्या मनात असं काही घ्यायचं असेल, तर आधी एक ऐका. नियम बदललेत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी चालत नाही, त्या भंगार केंद्रात जातात. फौजेच्या लढाईच्या कामाच्या खास गाड्यांना सूट आहे. म्हणून जुन्या सरकारी गाडीवर बोली लावण्याआधी तिचं साल बघा आणि आपल्या आरटीओत जाऊन विचारा, ही गाडी आमच्या नावावर चढेल का? उत्तर मिळेपर्यंत अनामत भरू नका.

आणि गाडी कुठलीही असो, नवी, जुनी, ट्रॅक्टर नाहीतर टेम्पो, एवढं ध्यानात ठेवा. नाव आधी ठरवा. नंबर पेन्सिलीने ताडून घ्या. कागद एकाच पिशवीत ठेवा. निघताना घाई करू नका. आणि वाटेत मनात शंका आली, की ड्रायव्हरला सगळ्यांसमोर विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" जाणत्या माणसाला खरं बोलायला जागा करून द्या. मग जे ठरवायचं ते तुम्ही ठरवा.

आमच्या नव्या गाडीच्या चाकावरही मावशी अजून पाणी उडवून बघतात. आम्ही हसतो, पण थेंब ओघळला की आमचाही जीव खाली पडतो.